नानांची शेवटची गाठ

१

रुमाल काचेच्या पेटीत जागच्या जागी होता. पेटीचं कुलूप शाबूत होतं, काचेवर साधा ओरखडा नव्हता. काल संध्याकाळपर्यंत त्या रुमालाच्या एका कोपऱ्याला गाठ होती आणि आज सकाळी ती नव्हती. चोरी म्हणावी तर काही गेलेलं नाही, नासधूस म्हणावी तर काही तुटलेलं नाही, आणि तरीही नानांच्या पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"गाठ सुटली म्हणून पोलिसांना बोलावलं तर ते हसतील," तो म्हणाला. "म्हणून म्हटलं, मावशींना फोन करावा."

गुन्हे शाखेत उभा जन्म काढलेल्या बाईला असलं बोलणं मानवणारं नव्हतं, पण प्रकरण नानांचं होतं म्हणून मावशींनी ते गिळलं. शिपाई म्हणून खात्यात लागून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंना वरिष्ठांपासून आरोपींपर्यंत सगळे मावशीच म्हणत. त्या कुणावर कधी ओरडल्या नाहीत. समोर चहा ठेवायच्या, घरच्यांची विचारपूस करायच्या, आणि भलेभले दुसरा कप संपायच्या आत सगळं ओकून मोकळे व्हायचे.

नाना म्हणजे राज्याचे एके काळचे बांधकाममंत्री. गल्लीतलं गटार तुंबलं म्हणून नगरपालिकेत भांडायला गेले आणि भांडता भांडता नगरसेवक झाले, मग आमदार, मग मंत्री. मंत्री झाल्यावरही त्यांच्यात काही फरक पडला नाही, फक्त भांडायला मोठी माणसं मिळाली. त्यांची एक पद्धत राज्यभर माहीत होती. कुणाला शब्द दिला की ते त्या माणसासमोर खिशातला पांढरा रुमाल काढत आणि त्याला गाठ मारत. काम झालं की त्याच माणसाला बोलावून घेत आणि त्याच्याच हातानं गाठ सोडवत. सभागृहात घाम पुसायला रुमाल काढला की विरोधी बाकांवरही हशा पिकायचा, कारण त्या रुमालात पुसण्याजोगी जागाच उरलेली नसायची. "अहो, हा धुवायचा तरी कधी?" असं त्यांच्या पत्नी विचारत. रुमाल धुता यावा म्हणून तरी कामं उरकतो, असं नाना म्हणत.

त्या रुमालात एके काळी मावशींचीही गाठ होती. त्या तेव्हा नवख्या शिपाई होत्या, नानांच्या बंगल्यावर पहाऱ्याला. पोलीस ठाण्यांत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही, ही गोष्ट त्यांनी एक दिवस धीर करून मंत्र्यांच्या कानावर घातली. नानांचे कान लाल झाले. "हे मला तुम्ही सांगावं लागतं, म्हणजे मीच निर्लज्ज," असं म्हणून त्यांनी रुमाल काढला. काही महिन्यांनी ठाण्यावर मंत्र्यांची गाडी आली, मावशींना घेऊन गेली, आणि घरी त्यांच्या आईनं पोरीची नोकरी गेली म्हणून रडून घेतलं. नानांनी रुमाल पुढं केला आणि एवढंच म्हणाले, "सोड." मावशींनी पुढं पदकं मिळवली, पण त्या गाठीइतक्या कौतुकानं त्या कशाबद्दलच बोलत नसत.

असे हे नाना मुख्यमंत्री होणार हे जवळजवळ ठरलेलं असताना त्यांच्या खात्यानं बांधलेला नदीवरचा पूल उद्घाटनाआधीच पडला. पूल रिकामा होता, कुणाला खरचटलंही नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर मंत्र्यांनी घाई केली, काँक्रीट ओलं असतानाच भार टाकला, असा गदारोळ उठला. नाना सभागृहात उभे राहिले, "घाई माझी," म्हणाले आणि राजीनामा देऊन खाली बसले. ते पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत. त्या दिवसापासून रुमालात एक गाठ राहिली होती, ती आजतागायत.

"पेटी उघडी होती का?" मावशींनी विचारलं.

"बंद. किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक नानांच्या ड्रायव्हरकडे, दालन तोच उघडतो-लावतो."

पुतण्या मंडळींमध्ये दादासाहेब आणि पाठीमागे युवराज म्हणून ओळखला जाई. या वेळी तिकीट मिळणार अशी त्याची खात्री होती, म्हणूनच त्यानं घराच्या तळमजल्यावर नानांचं स्मृतिदालन उभारलं होतं. नाना अजून वरच्या मजल्यावर चालते-बोलते असताना खाली त्यांच्या स्मृती मांडणं मावशींना जरा उतावीळपणाचं वाटलं.

"संध्याकाळी मुख्यमंत्री येणार," पुतण्या म्हणाला. "त्यांच्या हस्ते गाठ सोडायची होती. नानांचं अपुरं राहिलेलं वचन पूर्ण झालं, असं जाहीर करणार होते. टीव्हीवाले येतायत मावशी, आता मी त्यांना काय दाखवू?"

"मुख्यमंत्री गाठ सोडणार?"

"का, काय झालं?"

मावशी उत्तर देणार, तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "जरा बाजूला होता का?" कोपऱ्यातल्या शिडीवर एक पिकल्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, छताच्या ओल आलेल्या भागाभोवती रेघ ओढली आणि पेन्सिल पुन्हा खोचली. पूलवाल्या बाई म्हणून राज्याला ठाऊक असलेल्या या इंजिनीअर मागच्याच महिन्यात मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाल्या होत्या. दालनाचं बांधकाम त्या आपण होऊन तपासून देत होत्या.

"नानांना दोन मिनिटं भेटता येईल का?" त्यांनी शिडीवरूनच पुतण्याला विचारलं.

"मॅडम, कालच सांगितलं ना. डॉक्टरांनी मनाई केलीय."

"मग मी थांबते," त्या म्हणाल्या.

पुतण्यानं मावशींना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "कुणाला कळू दिलेलं नाही, पण चोर माझ्या हातात आहे. ड्रायव्हर. तुम्ही फक्त त्याच्या तोंडून वदवून घ्या. संध्याकाळपर्यंत बोलला नाही तर गॅरेजमागची खोली रिकामी करायची, असं मी त्याला सांगून टाकलंय."

२

ड्रायव्हरची ट्रंक भरून दाराशी आणून ठेवलेली होती. ट्रंकेवर गुंडाळलेली गादी होती आणि गादीवर भिंतीवरून उतरवलेलं घड्याळ. नानांची गाडी चालवत चालवत हा माणूस याच खोलीत म्हातारा झाला होता, त्याची बायको याच खोलीत गेली होती.

"गाठ तुम्ही सोडली?"

"नाही."

"किल्ली कुणाला दिलीत?"

"किल्ली माझ्याकडेच होती." हे बोलताना त्यानं मावशींकडे न बघता घड्याळाकडे बघितलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा फार अवघडतो.

"दादासाहेब म्हणतात, मुख्यमंत्र्यांनी गाठ सोडण्यावरून तुम्ही परवा वाद घातलात."

"घातला. अजून घालीन. मुख्यमंत्री असले म्हणून काय झालं? ज्याची गाठ त्यानं सोडायची. माझ्या पोरीच्या शिक्षणाची गाठ होती, ती ज्या दिवशी नर्स झाली त्या दिवशी नानांनी माझ्या हातानं सोडवली. मी तर थरथरत होतो, ते म्हणाले, गिअर टाकताना असाच थरथरतोस का?" तो हसला, आणि हसू आवरताना त्याचे डोळे भरले.

"मग ही शेवटची कुणाची?"

ड्रायव्हरनं गादीवरचं घड्याळ उचलून सरळ ठेवलं.

"तुम्हाला चोर ठरवतील. या वयात घर सोडावं लागेल."

"ठरवू दे, मावशी. तुम्ही चहा ठेवू नका, मी बोलणार नाही."

मावशींची एवढी जुनी युक्ती अशी कुणी तोंडावर मारली नव्हती. त्या उठल्या आणि दारात जाऊन सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "पूल पडला त्या दिवशी नानांना नदीवर तुम्हीच नेलंत ना? तिथं आणखी कोण होतं?"

ड्रायव्हरनं फडकं उचललं, बाहेर गेला आणि आरशासारखी लख्ख असलेली गाडी पुसायला लागला. या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि ते तो जन्मात देणार नव्हता.

३

पीए काका नानांचे स्वीय सहायक होते, मंत्रिपद गेल्यावरही ते नानांना सोडून गेले नाहीत. दालनातल्या चित्रांखालचा मजकूर त्यांनीच लिहिला होता आणि बोटं शाईनं निळी करून घेतली होती. बॉलपेन हातात धरणं त्यांना अजूनही कमीपणाचं वाटे.

"गाठ कुणी सोडली असेल ते असो," ते म्हणाले, "ती कुणाला मारली होती हे मात्र मला मरायच्या आत कळायला हवं. तेवढ्यावरून मी त्यांच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. चरित्र लिहितोय मी त्यांचं, आणि शेवटच्या प्रकरणात मोठं भोक!"

"पुलासाठी नव्हती?"

"छे. दादासाहेबांना काय कळतंय? पूल पुढच्या सरकारनं केव्हाच बांधला, त्यावरून आज बसगाड्या जातात. पुलाची असती तर गाठ तेव्हाच नसती का सुटली? शिवाय नाना गावाला, संस्थेला, नदीला गाठ मारत नसत. माणसाला मारत. समोर उभ्या असलेल्या एका माणसाला."

मावशींनी मान डोलावली. त्यांच्या वेळीही तसंच झालं होतं.

"त्या दिवशी सकाळी रुमालात एकही गाठ नव्हती," पीए काका सांगू लागले. "आदल्याच दिवशी वहिनींनी तो धुतला होता. सगळी कामं संपलेली, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा. वहिनींनी तो वाळत घातला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो! पहाटे फोन आला, नाना नदीवर गेले. मी कार्यालयातच थांबलो. दुपारी परत आले तेव्हा त्यांनी तोंड पुसायला रुमाल काढला आणि त्यात गाठ. मी विचारलं, कुणाची? म्हणाले, ज्याची आहे त्याची. आणि सरळ सभागृहात जाऊन राजीनामा."

"म्हणजे नदीवर मारली."

"नदीवर किंवा वाटेत. सोबत ड्रायव्हर तेवढा." पीए काकांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि मावशी, तुम्हाला म्हणून सांगतो. ओल्या काँक्रीटची ती गोष्ट मला कधीच पटली नाही. नाना घाई करत, पण कच्चं काम खपवून घेणारे नव्हते. पूल कशानं पडला ते त्यांनी मलाही सांगितलं नाही."

मावशी पुन्हा पेटीपाशी गेल्या. पुतण्याकडून किल्ली घेऊन त्यांनी रुमाल बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

रुमाल बदललेला असेल ही शंका पहिल्या नजरेतच गेली. सगळं कापड जुनं होऊन पिवळसर पडलं होतं, पण एका कोपऱ्यावर सुरकुतलेला, पांढरा शुभ्र ठिपका होता. इतकी वर्षं गाठीच्या पोटात राहिल्यामुळे तेवढ्या कापडाला ना ऊन लागलं होतं ना धूळ. रुमाल तोच होता. दातानं ओढल्याची खूण नव्हती, कात्री लागलेली नव्हती, एक धागा उसवलेला नव्हता. एवढी वर्षं आवळलेली गाठ कुणीतरी बारीक टोकानं, जीव लावून, हळूहळू सैल केली होती. आणि त्या पांढऱ्या ठिपक्यावर बारीक राखाडी ओरखडे होते.

मावशींनी बोट फिरवलं. बोटाला काळसर रंग लागला. ती शाई नव्हती, गॅरेजमधलं ग्रीसही नव्हतं.

४

बाहेर मांडव सजत होता, खुर्च्यांचे आवाज येत होते. दालनाच्या मधोमध टेबलावर नानांच्या कामांची लाकडी मॉडेलं मांडलेली होती: इस्पितळ, बसस्थानक आणि पडलेला तो पूल. मावशी पुलापाशी उभ्या असताना पुतण्या येऊन टेकला.

"बोलला का ड्रायव्हर?"

"नाही."

"सगळे माझ्याच जिवावर उठलेत," पुतण्या वैतागून म्हणाला. "ड्रायव्हर वाद घालतो, पीए काका मजकुरात काना-मात्रेवरून भांडतात, आणि त्या मॅडम! ओल बघायला आल्या आणि मॉडेलवाल्याला कामाला लावलं. म्हणे, या पुलाचा तिसरा खांब आखूड करा. अहो, पडलेल्या पुलाचं मॉडेल, कोण मोजायला येतंय? त्यानंही बिचाऱ्यानं कापला. मॉडेल बघतो तर वाकडं! मी परत सरळ करून घेतलं."

"काय म्हणाल्या त्या?" मावशींचा आवाज एकदम बदलला.

"तिसरा खांब आखूड होता म्हणे."

मावशी मॉडेलकडे बघत राहिल्या. साऱ्या राज्याला ओल्या काँक्रीटची गोष्ट माहीत होती. सभागृहात तीच सांगितली गेली, वर्तमानपत्रांत तीच छापून आली. खांब आखूड असल्याचं कुणी कधी म्हटलं नव्हतं. नानांच्या सावलीसारख्या पीए काकांनासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

"दादासाहेब," त्या म्हणाल्या, "त्या बाई अजून आहेत का?"

"मघापासून जिन्याखाली बसून आहेत. नानांना भेटल्याशिवाय जात नाहीत म्हणतात."

"चहा पाठव," मावशी म्हणाल्या. "दोन कप. आणि आत कुणाला येऊ देऊ नकोस, तूसुद्धा येऊ नकोस."

५

पूलवाल्या बाई जिन्याखालच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मावशी त्यांच्या शेजारी बसल्या आणि मध्ये चहा ठेवला.

"तुमची पेन्सिल बघू जरा."

बाईंनी अंबाड्यातून पेन्सिल काढून दिली. पोलादी नाकाची, आत सुईसारखं बारीक शिसं असलेली. मावशींनी ती न्याहाळली आणि परत केली.

"ज्याला नानांचा नियम ठाऊक नाही, त्यानं ती गाठ कापली असती नाहीतर पळवली असती," त्या म्हणाल्या. "ज्याला ठाऊक आहे, तो दुसऱ्याच्या गाठीला हात लावणार नाही. म्हणजे सोडणारा माणूस एकच असू शकतो, ज्याच्यासाठी ती मारली होती तो. किल्ली ड्रायव्हरनं दिली. मुख्यमंत्र्यांना अधिकार नाही म्हणून जो भांडतो, तो किल्ली कुणाला देईल? ज्याला अधिकार आहे त्यालाच. त्या दिवशी नदीवर गाडी त्यानंच नेली होती, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. आणि शिसं रुमालाला लागलंय."

"पेन्सिल तर बऱ्याच जणांकडे असते."

"असते. पण तिसरा खांब आखूड होता हे फक्त त्यालाच माहीत असणार, ज्यानं तो आखूड बांधला."

बाईंनी चहा उचलला, तसाच खाली ठेवला. "ते मॉडेल," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी गप्प राहिले, आणि ते मॉडेल मला बघवेना. सगळे खांब सारखे, आणि तरी पूल पडला? असा पडतच नाही हो पूल."

मग त्यांनी सांगितलं. त्या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, खात्यात लागलेली पहिली बाई. साइटवरचे लोक पैजा लावायचे, ही कधी पळते म्हणून. तिसऱ्या खांबाची पातळी त्यांनी दिवेलागणीच्या अंधुक उजेडात मोजली आणि चुकल्या. खांब चार बोटं आखूड झाला. वर टाकलेली तुळई एका अंगाला कलली आणि पहाटे घसरून नदीत पडली.

"नाना आले तेव्हा मी काठावर बसले होते. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. राजीनामाही पुढं केला. त्यांनी विचारलं, वय काय? मी सांगितलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पूल परत बांधता येतो. तुझं नाव बाहेर आलं तर तुला कुणी साधी मोरीही बांधू देणार नाही, आणि तुझ्यामागून येणाऱ्या पोरींना तर कुणी दारातच उभं करणार नाही. बघा, बाई ठेवली की असं होतं, एवढंच म्हणत राहतील. मी तुझं नाव कधीही, कुणालाही सांगणार नाही. आणि माझ्यासमोर गाठ मारली. मला वाटलं, चौकशी टळेल एवढंच. संध्याकाळी रेडिओवर ऐकलं की त्यांनी मंत्रिपद सोडलं."

मावशींचा नानांबद्दलचा आदर आधीच काठोकाठ होता, त्यात आणखी भर पडायला जागा आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हा शब्द पुरा होणारा नव्हताच," बाई म्हणाल्या. "तो आयुष्यभर पाळायचा होता. मी मोकळं केलं तरच ते मोकळे होणार. नोकरीत होते तोवर भीती होती, माझ्यासाठी नाही, हाताखालच्या मुलींसाठी. आता निवृत्त झाले. त्यात मुख्यमंत्री गाठ सोडणार म्हणून ऐकलं, आणि काल सगळे मांडवाकडे गेल्यावर ड्रायव्हरभाऊंकडे किल्ली मागितली. त्यांनी एक शब्द न विचारता दिली. आधी नानांना विचारलं असतं तर त्यांनी सोडू दिली नसती. संध्याकाळी स्टेजवर सगळ्यांसमोर सांगणार आहे. फक्त त्याआधी त्यांच्या कानावर घालायचंय, म्हणून इथं बसलेय."

"आणि ड्रायव्हर?"

"त्यांचं काय?"

"चोर ठरलाय. ट्रंक बांधून बसलाय. तुमचं नाव घेत नाही."

पूलवाल्या बाईंनी पेन्सिल अंबाड्यात खोचली. त्या उठल्या आणि जिना चढायलाच लागल्या.

६

जिन्याच्या वरच्या पायरीवर पुतण्या आडवा उभा होता. "मावशी, डॉक्टरांनी..."

"बाजूला होतोस, की सगळं मुख्यमंत्र्यांसमोर विचारू?"

पुतण्या बाजूला झाला. मावशींनी ड्रायव्हरला हाक मारून वर बोलावलं, बाईंना दाराबाहेर थांबायची खूण केली आणि आत गेल्या.

नाना खिडकीशी आरामखुर्चीत बसून खालचा मांडव बघत होते. अंगानं वाळले होते, पण नजर जुनीच होती. "ये गं," ते म्हणाले. "माझं दिवाळं निघाल्यासारखे सगळे कुजबुजतायत. तू तरी सांग काय ते."

मावशींनी रुमाल त्यांच्या हातात ठेवला. नानांनी सवयीनं बोटं कोपऱ्यावर नेली. बोटं तिथं थांबली, परत फिरली, पुन्हा तिथंच आली.

"कुणी सोडली?"

"तुम्हीच सांगा, कुणाची होती?"

नानांनी मावशींकडे बघितलं. "तू पोलिसात होतीस, मी नव्हतो," ते म्हणाले. "शोधायचं काम तुझं. माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही."

गाठ सुटलेली समोर दिसत असूनही हा माणूस शब्द सोडायला तयार नव्हता. मावशींनी दार उघडलं.

"मी सोडली, नाना," पूलवाल्या बाई आत येत म्हणाल्या. "मी मोकळं केलं तुम्हाला."

नाना बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरी, केस पिकले की तुझे."

"पूल बांधता बांधता पिकले."

"एखादा कलला का?"

"एकही नाही."

नाना खुर्चीत मागे टेकले. बाईंनी दोन वाक्यांत सगळं पुतण्यासमोर सांगून टाकलं. तो भिंतीला धरून ऐकत होता.

"म्हणजे चूक तुमची नव्हतीच?" तो नानांना म्हणाला. "अहो, हे आधी सांगितलं असतंत तर तुम्ही मुख्यमंत्री झाला असतात. आपण कुठल्या कुठं असतो!"

"म्हणूनच तुला सांगितलं नाही," नाना म्हणाले. "आणि चूक नव्हती कशी? उद्घाटनाची तारीख मी दिली होती. ती गाठायची म्हणून या पोरीला अंधारात मापं घ्यावी लागली. घाई माझी, असं मी म्हणालो ते खरंच होतं. उरलेलं बोललो नाही, एवढंच."

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं काचा पुसल्या, मग डोळे पुसले, आणि शेवटी मोठ्यानं नाक शिंकरलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रुमाल इतक्या वर्षांत आज पहिल्यांदाच वापरायला मोकळा होता.

"आता पेटीत काय ठेवू?" पुतण्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"रिकामी ठेव. आणि ते पुलाचं मॉडेल... तिसरा खांब आखूड कर. बाई म्हणतात तसा."

मग त्यांची नजर दाराशी अवघडून उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे गेली. "याची ट्रंक खाली का बांधून ठेवलीय? मला खिडकीतून दिसते सगळं."

पुतण्यानंच मान खाली घालून सांगितलं. नाना रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं, असं पुतण्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तुला आमदार व्हायचंय ना? मग कर सुरुवात. त्याची माफी माग, आणि ती खोली शेवटपर्यंत त्याची, असा शब्द दे. काढ रुमाल."

पुतण्यानं खिसे चाचपले. एका खिशातून फोन निघाला, दुसऱ्यातून कागदी रुमालाची घडी. त्या कागदाला गाठ कशी मारायची, हे त्यालाही सुचेना. खोलीतल्या कुणालाच हसू आवरलं नाही.

नानांनी आपला रुमाल पुढं केला. "घे. नाक शिंकरलंय, पण चालेल. राजकारणात एवढं चालवून घ्यावं लागतं."

पुतण्या ड्रायव्हरसमोर जाऊन उभा राहिला. "चुकलो, काका," तो म्हणाला. ड्रायव्हरला काका म्हणताना मावशींनी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यानं तोच पांढऱ्या ठिपक्याचा कोपरा धरला आणि नवशिक्या बोटांनी गाठ मारली.

ड्रायव्हरनं वाकून गाठ नीट बघितली, जाणत्या माणसासारखं.

"दादासाहेब," तो म्हणाला, "जरा घट्ट मारा."